रुमाव : एका दुर्मिळ आडनांवाची कुळकथा

महोत्सवाच्या प्रसंगीं मनुष्याचें मन सहजच मागें वळतें. ख्रिस्तमंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा केव्हां चढविली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, यांची आठवण अशा वेळीं आदरानें काढली जाते, व तें योग्यच आहे. परंतु मंदिराच्या दगडांइतकाच जुना असा आणखी एक ठेवा आपल्यापैकीं प्रत्येकाजवळ आहे. तो बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत लिहिलेला असतो, सातबाऱ्याच्या उताऱ्यांत असतो, घराच्या दारावरील पाटीवर असतो, आणि शेवटीं दफनभूमींतील क्रुसावरही तोच कोरला जातो. तो ठेवा म्हणजे आपलें आडनांव.

वसईच्या ख्रिस्ती समाजांतील बरींच आडनांवें दूरवर पसरलेलीं आहेत. परेरा, लोपीस, घोन्साल्विस, डिमेलो, रॉड्रिग्ज हीं नांवें जशीं वसईंत ऐकूं येतात, तशींच मुंबईंत, गोव्यांत, मंगळुरांत आणि थेट पोर्तुगाल व ब्राझिल देशांतही ऐकूं येतात. परंतु कांहीं आडनांवें अशीं आहेत कीं, तीं वसईच्या माणसांखेरीज इतरांजवळ क्वचितच आढळतात. 'रुमाव' हें त्यांपैकीं एक होय. हें नांव जगांत कोठेंही ऐकलें, तरी सांगणाऱ्याचें मूळ घर वैतरणा आणि वसईची खाडी यांच्यामधल्या वाड्यांतच असावें, असा तर्क बहुधा खरा ठरतो. म्हणून आपल्या सर्वांच्या आडनांवांचा इतिहास समजून घेण्यासाठीं या एका नांवाची कुळकथा वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाहीं. आपल्या आडनांवांवरून दोन प्रकारचे उद्गार वारंवार कानीं येतात. बाहेरचे कित्येक म्हणतात, "नांवें परकीं, तेव्हां माणसेंही परकींच." उलट आपल्यापैकींच कित्येक, विशेषतः परदेशीं गेलेले, मोठ्या ऐटीनें सांगतात, "आमचे पूर्वज पोर्तुगीज होते." एक आपणांस घराबाहेर काढूं पाहतो, आणि दुसरा आपण होऊन घराबाहेर पडूं पाहतो. या दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि तिचें उत्तर रुमाव या तीन अक्षरांतच दडलेलें आहे.

नांवाचा अर्थ

रुमाव या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील 'रोमानुस' या शब्दांत आहे. रोमानुस म्हणजे रोमचा, रोमकर. जसा आपल्याकडे नाशिकचा तो नाशिककर, तसाच रोमचा तो रोमानुस. पुढें रोमचें साम्राज्य पसरलें तसें हें विशेषण व्यक्तीचें नांवही झालें, आणि ज्यांचा रोमशीं कांहीं संबंध नव्हता अशा लोकांनींही आपल्या मुलांस तें नांव ठेविलें.

ख्रिस्तसभेंत या नांवाचे अनेक संत होऊन गेले. त्यांपैकीं एकाची कथा वाचकांस विशेष आवडेल. इसवी सन २५८ मध्यें रोम शहरांत संत लॉरेन्स यांस धर्मासाठीं छळून ठार मारण्यांत आलें. परंपरा अशी सांगते कीं, त्या छळाच्या वेळीं रोमानुस नांवाचा एक शिपाई पहाऱ्यावर होता. लॉरेन्स यांचें धैर्य पाहून त्याचें मन पालटलें, त्यानें बंदिवासांतच त्यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला, आणि त्या श्रद्धेपायीं त्याचाही शिरच्छेद झाला. संत लॉरेन्स यांचा सण १० ऑगस्टला, आणि या शिपाई हुतात्म्याचा त्याच्या आदल्या दिवशीं, ९ ऑगस्टला येतो. दुसरे संत रोमानुस पांचव्या शतकांत आजच्या फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवरील जुरा पर्वतांत एकांतवासासाठीं गेले, आणि आपल्या भावाच्या साह्यानें त्यांनीं तेथें मठ स्थापिले. त्यांचा सण २८ फेब्रुवारीला पाळला जातो. अशा संतांच्या पुण्याईनें हें नांव युरोपभर गेलें. इटलींत त्याचें 'रोमानो' झालें, स्पेनमध्यें 'रोमान' झालें, आणि पोर्तुगालमध्यें 'रोमांव' झालें.

आवाजाची साक्ष

आतां कोणी विचारील कीं, पोर्तुगीज 'रोमांव' आणि वसईचा 'रुमाव' हे एकच कशावरून? याचें उत्तर जुन्या कागदांत शोधण्यापूर्वीं आपल्याच जिभेला विचारावें.

लॅटिन शब्दांतील शेवटचा 'आनुस' हा भाग पोर्तुगीज लोकांच्या तोंडीं झिजत गेला. मधला 'न' गळला, आणि जातांना आपला अनुनासिक सूर तेवढा मागें ठेवून गेला. लॅटिन भाषेंत हाताला 'मानुस' म्हणत, तो पोर्तुगीजांत 'मांव' झाला. 'जर्मानुस' म्हणजे सख्खा भाऊ, तो 'इर्मांव' झाला. भाकरीला 'पानिस' म्हणत, तिचा 'पांव' झाला. 'क्रिस्तियानुस' म्हणजे ख्रिस्ती, तो 'क्रिश्तांव' झाला. आणि याच रीतीनें 'रोमानुस'चा 'रोमांव' झाला.

हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हां काय झालें? 'पांव' मराठींत आला आणि त्याचा 'पाव' झाला. 'क्रिश्तांव' आला आणि त्याचा 'किरिस्ताव' झाला. मराठी माणसाच्या जिभेनें शेवटचा सूर कायम ठेवला, पण नाकांतला उच्चार सोडून दिला. मग 'रोमांव' आला तेव्हां त्याचा 'रुमाव' होण्यावांचून दुसरें काय होणार? पाव, किरिस्ताव आणि रुमाव हे तिन्ही शब्द एकाच दारानें आंत आले, आणि तिघांनींही उंबऱ्यावर तेंच जोडें काढून ठेविलें.

पहिल्या अक्षराचीही साक्ष अशीच आहे. पोर्तुगालमधील आजच्या उच्चारांत ज्या 'ओ'वर जोर येत नाहीं तो 'उ'कडे झुकतो. लिहितांना 'रोमांव' लिहितात, पण ऐकणाऱ्याला 'रुमांव' असें ऐकूं येतें. वसईचा रुमाव आपलें आडनांव रोमन लिपींत लिहितो तेव्हां पहिल्या 'आर'नंतर 'यू' हें अक्षर घालतो. पोर्तुगीज लेखनांत तेथें 'ओ' असतो, आणि पुढच्या 'ए'वर एक लहानसें नागमोडी चिन्ह असतें. आपल्या लेखनांत तो 'ओ' नाहीं आणि तें चिन्हही नाहीं. यावरून उघड होतें कीं, हें नांव पुस्तकांतून उतरवून घेतलेलें नाहीं. तें कानांनीं ऐकलें गेलें, तोंडांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलें गेलें, आणि मग ज्याला जसें ऐकूं आलें तसें त्यानें तें लिहिलें.

गोव्याशीं तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कोंकणी भाषेनें तो नाकांतला सूर टाकला नाहीं. म्हणून गोव्यांत जॉनचा 'जुवांव' होतो, आणि २४ जूनच्या संत योहानाच्या सणाला 'सांजांव' म्हणतात. एकच पोर्तुगीज सूर गोव्यांत कोंकणी झाला आणि वसईंत मराठी झाला. अर्थात् रुमाव हें नांव मूळचें परकें असलें, तरी त्याचें आजचें रूप आपल्या लोकांनीं घडविलेलें आहे. तें रूप लिस्बनमध्यें सांपडत नाहीं, आणि पणजींतही सांपडत नाहीं.

हें नांव घरांत कसें आलें

इसवी सन १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई व तिच्या अंमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. मागोमाग फ्रान्सिस्कन धर्मगुरु येथें आले. पुढें येशूसंघीय व डोमिनिकन हेही आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय १५४४ मध्यें आणि पुन्हां १५४८ मध्यें वसईच्या भूमीला लागले. या काळांत येथील शेतकरी, बागाईतदार, कोळी, कारागीर अशा अनेक समाजांतील कुटुंबांनीं बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याच्या वेळीं नवख्रिस्ती मनुष्याला एखाद्या संताचें नांव मिळे. त्याबरोबर दुसरें एक नांवही लागे, आणि तें बहुधा त्याच्या धर्मपित्याचें, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याच्या पाठीशीं उभ्या राहणाऱ्या साक्षीदाराचें असे. कधीं तो धर्मपिता एखादा पोर्तुगीज अंमलदार असे, कधीं शिपाई, कधीं व्यापारी, तर कधीं आधीं बाप्तिस्मा घेतलेला आपलाच एखादा देशबांधव असे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें लग्नाच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम केला, आणि बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत धर्मपित्याचें नांव लिहून ठेवावें असेंही ठरविलें. तेव्हांपासून या नात्याला लेखी आधार मिळाला. आजही बाप्तिस्म्याचें पुस्तक उघडलें म्हणजे बालकाचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें आणि धर्मगुरूंची सही हा क्रम दिसतो. चारशें साठ वर्षांवर ही रीत चालत आलेली आहे.

येथें पोर्तुगीज आडनांवांच्या जाती थोडक्यांत सांगितल्या पाहिजेत. कांहीं आडनांवें बापाच्या नांवावरून होत. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, घोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा मुलगा, नुनीस म्हणजे नुनोचा मुलगा. कांहीं आडनांवें झाडांवरून, पशूंवरून किंवा वस्तूंवरून पडलेलीं आहेत. परेरा हें नाशपातीच्या झाडावरून, लोबो हें लांडग्यावरून आणि मच्याडो हें कुऱ्हाडीवरून आलें. आल्मेडासारखीं कांहीं गांवांवरून आलीं आहेत. रुमाव यांपैकीं कोणत्याही वर्गांत पडत नाहीं. तें मुळांत व्यक्तीचें नांव असून, कांहींही प्रत्यय न लागतां जसेंच्या तसें आडनांव झालें. अशा आडनांवांची संख्या कमी, आणि तीं धारण करणारे लोकही मुळापासून थोडे. रोद्रिगोचे मुलगे पोर्तुगालभर होते, म्हणून रॉड्रिग्ज नांवाचे धर्मपितेही गांवोगांव मिळाले. रोमांव नांवाचे मात्र मोजके असणार. या नांवाच्या दुर्मिळतेचें पहिलें कारण हेंच दिसतें.

याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आडनांव धर्मपित्याकडून आलें, रक्ताकडून आलें नाहीं. पोर्तुगीज बाप व येथील आई असें संबंध वसईंत मुळींच झाले नाहींत असें नव्हे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज होते व आई येथील होती. इसवी सन १५९७ मध्यें जपानांत नागासाकी येथें ते क्रुसावर हुतात्मा झाले, आणि ८ जून १८६२ रोजीं नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचें गार्सिया हें आडनांव बापाचें होतें. परंतु शेतांत राबणाऱ्या आपल्या हजारों कुटुंबांची गोष्ट निराळी. त्यांच्या घरांत सामवेदी बोली, म्हणजेच कादोडी, बोलली जाते, कोठें वाडवळी बोलली जाते. लग्नांत उंबराचें पाणी आणण्याची रीत, आजीबाईंचें लुगडें, जमिनीशीं व विहिरीशीं असलेलें जुनें नातें, हें सारें लिस्बनहून गलबतांत भरून आलेलें नाहीं. त्या घरांत आडनांव तेवढें पाहुणें म्हणून आलें आणि पुढें घरचें झालें.

म्हणूनच एक आडनांव म्हणजे एक रक्त, असें मानूं नये. रोमानुस या मूळ शब्दापासून वसईचा रुमाव झाला, तसाच रशियाच्या राजघराण्याचा 'रोमानोव्ह'ही झाला. सोळाव्या शतकांत रोमान नांवाचा एक सरदार तेथें होऊन गेला, त्याच्या वंशजांनीं त्याच्या नांवावरून आडनांव घेतलें, आणि १६१३ पासून १९१७ पर्यंत रशियावर राज्य केलें. आमचा रुमाव आणि तो रोमानोव्ह शब्दानें चुलतभाऊ आहेत, पण त्यांच्यांत रक्ताचा थेंबही एक नाहीं. पोर्तुगीज रोमांव आणि आमचा रुमाव यांचेंही नातें साधारण असेंच समजावें. इतकेंच नव्हे, तर वसईंतले सगळे रुमाव एकाच पुरुषाचे वंशज आहेत असें धरण्याचेंही कारण नाहीं. एकाच धर्मपित्याच्या हातून निरनिराळ्या घरांतील माणसें बाप्तिस्म्याच्या कुंडाशीं आलीं असतील, आणि सगळीं एकाच नांवानें परत गेलीं असतील. गांवांत एका आडनांवाचीं अनेक घरें असतात तेव्हां त्यांस ओळखण्यासाठीं निराळीं टोपणनांवें चालतात, हें आपण पाहतोंच. तीं टोपणनांवें बहुधा मराठी असतात, आणि घराण्याची खरी ओळख पुष्कळदां आडनांवापेक्षां त्यांतच अधिक सांपडते.

सतराशें एकोणचाळीस

आतां या कथेंतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो. इसवी सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला सर केला आणि पोर्तुगीजांची सत्ता येथून उठली. फिरंगी अंमलदार गेले, युरोपीय धर्मगुरु गेले, मठ व मंदिरें ओस पडलीं. किल्ल्यांतील पडक्या भिंतींवर आजही झाडें उगवलेलीं दिसतात. ख्रिस्ती शेतकरी मात्र गेले नाहींत. त्यांस कोठें जायचें होतें? त्यांची जमीन येथें होती, पूर्वजांचीं हाडें येथें होतीं. एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधारानें त्यांनीं आपली श्रद्धा जतन केली.

त्या दिवसापासून पोर्तुगीज आडनांव धारण करण्यांत कसलाही ऐहिक लाभ उरला नव्हता. ज्या राजाच्या प्रजेचें तें नांव, तो राजा गेला होता. तें टाकून दिलें असतें तर कोणीं जाब विचारला नसता, उलट कांहींनीं शाबासकीच दिली असती. तरीही रुमावांनीं रुमाव हें नांव टाकलें नाहीं, परेरांनीं परेरा हें टाकलें नाहीं. पुढें १८१८ मध्यें पेशवाई बुडाली व इंग्रजी राज्य आलें. त्या राज्यांत हीं नांवें नवीन दप्तरांत, शाळांत व मोजणीच्या कागदांत गेलीं, आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताच्या मतदारयाद्यांतही गेलीं.

थोडा हिशेब करून पाहावा. १५३४ पासून १७३९ पर्यंत दोनशें पांच वर्षें होतात. १७३९ पासून आजपर्यंत दोनशें ऐंशीहून अधिक वर्षें होतात. म्हणजे पोर्तुगीजांच्या आश्रयाखालीं हें नांव जितकीं वर्षें राहिलें, त्याहून कितीतरी अधिक वर्षें तें आश्रयावांचून राहिलें आहे. जी वस्तु देणारा निघून गेल्यावरही घेणाऱ्यानें इतकीं वर्षें जपली, ती देणाऱ्याची म्हणावी कीं घेणाऱ्याची? विहिरींत पाव टाकून लोकांस बाटविलें, ही गोष्ट आपणांस पुष्कळांनीं ऐकविलेली आहे. पावाच्या तुकड्यानें आलेली श्रद्धा पाव देणारा गेल्यावर किती दिवस टिकली असती, याचा विचार सांगणाऱ्यानेंच करावा.

आजची वस्ती

हें नांव इतकीं शतकें एकाच मुलखांत कां राहिलें? याचें कारण येथील जीवनक्रमांत आहे. वसईचा ख्रिस्ती शेतकरी बागाईतदार होता. केळीं, पानवेली, भाजीपाला व फुलें यांच्या वाड्या, त्यांतली विहीर व तिच्यावरचा रहाट यांच्याशीं तो बांधलेला होता. आगाशीच्या बाजूचीं सुकेळीं दूरवर गेलीं, पण तीं पिकविणारा गेला नाहीं. सोयरीक जवळच्याच धर्मग्रामांत होई. आडनांव मुलग्याकडून चालतें व मुलगी लग्नानंतर दुसऱ्याच्या नांवानें ओळखली जाते. ज्या आडनांवाचीं घरें मुळांत थोडीं, त्यांपैकीं एका-दोघांस मुलगा न झाला तरी तें नांव एखाद्या गांवांतून पार नाहींसें होतें. १८७४ मध्यें इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन व हेन्री वॉटसन या दोघां विद्वानांनीं आडनांवें कशीं लोपतात या प्रश्नाचा गणितानें विचार केला होता. माणसें तितकींच राहिलीं तरी नांवें केवळ योगायोगानें नष्ट होत जातात, हें या विचारांतून पुढें आलें. तेव्हां थोड्या घरांचें नांव इतकीं शतकें तगलें हीच नवलाची गोष्ट आहे.

रुमाव घराण्यांची आजची वस्ती तीन वर्तुळांत पाहतां येईल. पहिलें वर्तुळ वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्याचें. किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत समुद्राला लागून जो ख्रिस्ती वस्तीचा भाग आहे, तेंच या नांवाचें माहेर. हा तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता, तो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. दुसरें वर्तुळ मुंबईचें. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी धांवली, आणि वसईकराला मुंबई एका दिवसांत जाऊन येण्याजोगी झाली. आधीं भाजीच्या व फुलांच्या टोपल्या गेल्या, मग शिकलेलीं मुलें नोकरीला गेलीं, आणि कांहीं कुटुंबें तेथेंच राहिलीं. तिसरें वर्तुळ समुद्रापलीकडचें. गेल्या कांहीं दशकांत वसईचे तरुण आखाती देशांत, इंग्लंडांत, कॅनडांत व ऑस्ट्रेलियांत गेले, आणि त्यांच्याबरोबर हें नांवही गेलें. जें नांव सोळाव्या शतकांत पश्चिमेकडून समुद्रमार्गें आलें, तें आतां आपल्या उच्चारासह विमानानें परत चाललें आहे.

शब्दाचे इतर सोयरे कोठें आहेत तेंही सांगून ठेवूं. पोर्तुगालमध्यें रोमांव हें आडनांव आजही आहे, आणि सेया या नगराजवळ, एश्त्रेला पर्वताच्या उतारावर, संत रोमानुस यांच्या नांवाचें गांव आहे. ब्राझिलांत मिनास जेराइस प्रांतांत साँव फ्रान्सिस्को नदीच्या कांठीं त्याच नांवाचें दुसरें गांव आहे. त्याच देशांतील फादर सिसेरो रोमांव बातिश्ता (१८४४–१९३४) यांचें नांव लक्षावधि यात्रेकरूंच्या तोंडीं आहे. त्यांच्या नांवांतला 'रोमांव' त्यांच्या वडिलांच्या नांवांतही होता. हे सगळे आपल्या रुमावाचे नांवबंधु होत. एकाच संताच्या नांवानें जोडलेले असल्यामुळें त्यांचा आपल्याशीं जिव्हाळा असावा. भाऊबंदकी सांगण्याचें मात्र कारण नाहीं.

आपलें कर्तव्य

आतां शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. हें नांव शतकानुशतकें कानांनीं टिकविलें, पण आजचा काळ कागदाचा आहे. देवनागरींत कोणी 'रुमाव' लिहितो तर कोणी 'रुमाओ' लिहितो. रोमन लिपींतही एखादें अक्षर कमी-अधिक होतें. शाळेच्या दाखल्यांत एक, सातबाऱ्यांत दुसरें आणि पारपत्रांत तिसरें रूप असलें, म्हणजे सख्खे भाऊ कागदोपत्रीं परके ठरतात. शिवाय परदेशांत जन्मलेलें मूल आपलें नांव तेथल्या शिक्षकाच्या तोंडून प्रथम ऐकतें, आणि तो शिक्षक तें आपल्या पद्धतीनें वाचतो. चार शतकें जो सूर आपल्या आजीआजोबांनीं सांभाळला, तो अशानें एका पिढींत हरवूं शकतो.

म्हणून आमची वाचकांस नम्र सूचना आहे. या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें एक वही करावी. तींत आपलें आडनांव दोन्ही लिपींत एकाच रीतीनें लिहावें. वडील, आजोबा, पणजोबा यांचीं नांवें जेथपर्यंत आठवतात तेथपर्यंत लिहावीं. आज्या-पणज्यांचीं माहेरचीं आडनांवें व गांवें तर अवश्य लिहावीं, कारण तीं सर्वांत लवकर विसरलीं जातात. गांवांत आपल्या घराला कोणत्या टोपणनांवानें ओळखतात, तेंही लाज न बाळगतां लिहावें. घरांतील वृद्ध माणसें आज उत्तर देऊं शकतात, उद्यां देतीलच असें नाहीं. मग धर्मग्रामाच्या कचेरींत जाऊन धर्मगुरूंच्या परवानगीनें बाप्तिस्म्याच्या पुस्तकांशीं तीं नांवें ताडून पाहावीं. हें काम रुमावांनींच करावें असें नाहीं. परेरांनीं, डाब्र्यांनीं, तुस्कानोंनीं, डिमेलोंनीं, सर्वांनींच करावें.

आणि पुढें जर कोणी विचारलें कीं, "तुम्ही मराठी बोलतां, मग तुमचीं नांवें अशीं कशीं?" तर रागावण्याचें कारण नाहीं व शरमण्याचेंही नाहीं. शांतपणें सांगावें : हें नांव रोमचें आहे, पोर्तुगालच्या गलबतांतून आलें आहे, आणि वसईच्या मातींत रुजलें आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीं कोणीतरी आमच्या पूर्वजाचा हात धरून त्याला आपलें नांव दिलें. त्या पूर्वजानें तें आपल्या भाषेंत उच्चारलें आणि आपल्या मुलांबाळांस दिलें. नांव देणारा पुढें निघून गेला, आम्ही येथेंच आहों.

ज्या परमेश्वराजवळ प्रत्येकाचें नांव लिहिलेलें आहे, तो आपल्या सर्व घराण्यांचें रक्षण करो.